तेय्यम : हिरवळीवरचे आणि कावातले

वाचकांचे प्रश्न

गेल्या डिसेंबरमध्ये केरळला जाऊन आलेल्या एका सोलापूरकर भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्याच विषयावर आणखी दोन पत्रे हाती होती, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही नाताळच्या सुट्टीत कण्णूरजवळ नदीकाठच्या एका रिसॉर्टमध्ये चार दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर ‘तेय्यम नृत्य’ ठेवले होते. लाल पोशाख आणि मोठा मुकुट घातलेला एक कलाकार ढोलांच्या तालावर अर्धा तास नाचला. लोक जेवत होते, मुले त्याच्यासोबत फोटो काढून घेत होती. आम्हीही काढले. तिसऱ्या दिवशी गाडीच्या चालकाने आपण होऊन विचारले, “खरे तेय्यम बघायचे आहे का?” आणि पहाटे तीन वाजता त्याने आम्हाला एका खेड्यातल्या देवस्थानी नेले. तिथे तोंडावर मुखवटा आणि कमरेला कोवळ्या पात्यांचा घागरा असलेला एक जण धगधगत्या निखाऱ्यांच्या ढिगाऱ्यावर जाऊन रेलला आणि तिथूनच हसत हसत लोकांशी बोलत राहिला. उजाडता उजाडता तो लोकांना भेटू लागला. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दर पौर्णिमेला तुळजापूरला जातात. त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, मल्याळममध्ये बराच वेळ काही सांगितले आणि ओंजळीत हळद ठेवली. सासूबाई रडू लागल्या. यजमान म्हणतात, हा उत्तम अभिनय आहे. सासूबाई म्हणतात, देव भेटला. मला दोन गोष्टी टोचत आहेत. आदल्या दिवशी जेवताना जे पाहिले ते पाहून आमच्याकडून काही चुकले का? आणि ती हळद पुडीत बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवली आहे, तिचे काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पाहिले ते, वर्णनावरून, पोट्टन तेय्यम असावे. ‘तेय्यम’ हा ‘दैवम’ या शब्दाचाच लोकांच्या तोंडचा अवतार आहे, म्हणजे या शब्दाचा अर्थच देव असा आहे. कण्णूर आणि कासरगोड हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला उत्तर मलबारचा काही भाग हे त्याचे घर. तेय्यमचे सुमारे चारशे प्रकार सांगितले जातात. त्यांत देवी आहेत, विष्णूचे आणि शिवाचे आविष्कार आहेत, लढाईत पडलेले वीर आहेत, अन्यायाने मारली गेलेली माणसे आहेत, नाग आहेत, इतकेच काय, बप्पिरियनसारखे मुसलमान नावाडीही आहेत. ज्या जागी हे घडते तिला ‘कावु’ म्हणतात. आपल्याकडच्या देवराईसारखी ही झाडीतली देवाची जागा असते, मात्र पुष्कळ कावु आता वस्तीत आले आहेत. काही तेय्यम जुन्या एकत्र कुटुंबांच्या, म्हणजे तरवाडांच्या, अंगणातही होतात.

आपल्या यजमानांच्या शब्दापासून सुरुवात करते. ‘अभिनय’ हा शब्द मला अपुरा वाटतो आणि ‘नृत्य’ हाही तितकाच अपुरा वाटतो. तेय्यममध्ये नाचणे नाही असे नाही. वार्षिक उत्सवाला तिथे ‘कळियाट्टम’ म्हणतात आणि त्या शब्दातच नाचणे आहे. परंतु तिथला माणूस ‘तेय्यम नाचतो’ असे सहसा म्हणत नाही, तो ‘तेय्यम बांधतो’ असे म्हणतो. आपल्याकडेही गोंधळ घातला जातो आणि जागरण घातले जाते. गोंधळी नाचतो, संबळाच्या तालावर सुरेख नाचतो, तरी लग्नानंतर घरी गोंधळ घालणारे कुटुंब ‘आज आमच्याकडे नृत्याचा कार्यक्रम आहे’ असे शेजाऱ्यांना सांगत नाही. क्रियापद बदलले की गोष्टीची जात बदलते, आणि रिसॉर्टच्या फलकावर ‘नृत्य’ लिहिले गेले तिथेच पहिली चूक झाली.

‘अंगात येणे’ या आपल्या ओळखीच्या कल्पनेशीही तेय्यम पूर्णपणे जुळत नाही. आपल्याकडे वारे कोणालाही येऊ शकते. आरती चालू असताना गर्दीतल्या एखाद्या बाईला संचार होतो आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना तिचे केस सुटतात. तेय्यममध्ये असे अवचित काही होत नाही. कोणते तेय्यम कोणी बांधायचे याचा हक्क वंशपरंपरेने ठरलेला असतो. मलयन, वण्णान, वेलन, मावीलन, पुलयन अशा समाजांकडे तो आहे, आणि हे सर्व समाज जातिव्यवस्थेत खालचे मानले गेलेले आहेत. देवस्थानाकडून ठरलेल्या दिवशी विड्याची पाने आणि थोडे पैसे देऊन त्या माणसाला रीतसर सांगावा दिला जातो. त्यानंतर तो व्रतस्थ राहतो. त्या देवतेची जन्मकथा सांगणारी दीर्घ गीते, ज्यांना ‘तोट्टम’ म्हणतात, ती त्याला तोंडपाठ असावी लागतात. मुख्य तेय्यमच्या आधी, बहुधा संध्याकाळी, हलक्या वेशात तो ही गीते म्हणतो. आपल्याला पहाटे जे दिसले त्याचा अर्धा भाग असा आदल्या संध्याकाळीच झालेला असतो.

मग रंग आणि वेश. चेहरा रंगवण्याला तिथे ‘मुखत्तेळुत्तु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मुखावरचे लेखन. रंगणारा जमिनीवर उताणा झोपतो आणि दुसरा त्याच्या चेहऱ्यावर, नारळाच्या पात्याच्या बारीक काडीने, हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा अशा रंगांनी तासन्‌तास रेषा ओढत बसतो. प्रत्येक देवतेची लिपी वेगळी असते, ती पाहून जाणकार ओळखतो की आज कोण येणार आहे. पोट्टनच्या बाबतीत चेहऱ्यावर मुखवटा असतो आणि अंगावर रंग असतो. तो घागरा नारळाच्या कोवळ्या, पिवळसर झावळ्यांचा असतो.

मुकुट चढवून झाल्यावर त्या माणसाच्या हातात एक लहान आरसा दिला जातो. तो त्यात पाहतो. इतका वेळ ज्या चेहऱ्याला तो आपला समजत होता तो तिथे नसतो, देवता असते. पुष्कळ तेय्यममध्ये हाच तो क्षण मानतात. चेंडा या ढोलाचा नाद चढतो, पाय थरथरू लागतात आणि त्यापुढे तो जे बोलतो ते देवतेचे बोलणे मानले जाते. मी पहिल्यांदा हा आरशाचा क्षण पाहिला तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी, जी तोवर शेजारणीशी बाजारभावाबद्दल बोलत होती, मध्येच थांबली आणि तिने हात जोडले. तो माणूस तिच्या गावातला होता, ती त्याला रोज पाहत असणार. त्या क्षणी मात्र तो तिच्यासाठी गावातला कोणी नव्हता. यजमानांना इतकेच सांगावे की नट आपली भूमिका प्रेक्षकांसाठी करतो. इथे मात्र समोर प्रेक्षक नसतात, गाऱ्हाणे घेऊन आलेली माणसे असतात. घर विकू की नको, मुलीचे लग्न कधी ठरेल, भावाशी बोलणे बंद आहे, असे सगळे त्या कानात सांगितले जाते आणि त्याचे उत्तर मिळते. तुळजाभवानीपुढे सासूबाई जे मनातल्या मनात बोलतात ते तिथे मोठ्याने बोलता येते, आणि देव हात धरून उत्तर देतो. त्या रडल्या याचे मला आश्चर्य वाटत नाही. भाषा त्यांना कळली नसेल, परंतु देवाने आपले हात हातात घेणे ही गोष्ट सोलापूर-तुळजापूरच्या रांगांत उभे राहिलेल्या माणसाला कुठे घडते?

पोट्टनबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपल्याला जे दिसले ते फार मोठे होते आणि रिसॉर्टमध्ये त्याबद्दल कोणी काही सांगितले नसावे. ‘पोट्टन’ म्हणजे खुळा, मंद, ऐकू न येणारा. कथा अशी की आदि शंकराचार्य शेताच्या अरुंद बांधावरून जात असताना समोरून एक पुलय, म्हणजे अस्पृश्य मानला गेलेला माणूस, आला. आचार्यांनी त्याला वाटेतून दूर व्हायला सांगितले. तो खुळ्यासारखा हसत विचारू लागला की, कोणी कोणापासून दूर व्हायचे? तुम्हाला कापले तर रक्त निघते, आम्हाला कापले तरी रक्तच निघते ना? आमच्या उकिरड्यावर लावलेल्या केळीचे फळ तुमच्या देवाला चालते ना? आचार्यांना उमगले की हा साक्षात शिव आहे. काशीच्या चांडाळाची आणि त्यावरून आचार्यांनी रचलेल्या मनीषापंचक या स्तोत्राची कथा मराठी वाचकांना परिचित आहे. उत्तर मलबारने ती आपल्या भातखाचरात आणली आणि, महत्त्वाचे म्हणजे, त्या माणसाच्याच वंशजांच्या तोंडी दिली. निखाऱ्यांवर रेलून तो हसतो, ‘थंडी वाजते आहे’ असे भाव आणतो, आणि भोवतालच्या उच्चवर्णीय घरमालकांना खडे बोल सुनावतो. ते हात जोडून ऐकतात.

आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे वाचून चोखोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करताना 1338 मध्ये भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेरच आहे. पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. आपल्याकडे ज्याला पायरीपाशी थांबवले, त्याच्यासारख्या माणसाला मलबारमध्ये वर्षातून काही रात्री देव होण्याचा हक्क होता आणि ब्राह्मणही त्याच्यापुढे वाकत होता. मात्र ही तुलना करताना एक गोष्ट विसरता कामा नये. सकाळी मुकुट उतरला की तोच माणूस पूर्वी पुन्हा त्याच्या जातीच्या जागी जाऊन उभा राहत असे. तेय्यमने जातीला प्रश्न विचारला, तिला मोडले नाही. मला हा प्रश्न विचारण्याचा हक्क फार मोलाचा वाटतो, कारण तो दर वर्षी, ठरलेल्या तिथीला, ज्यांना तो बोचतो त्यांच्याच अंगणात आणि त्यांच्याच खर्चाने विचारला जातो.

आता हिरवळीवरच्या प्रयोगाकडे येते. आपल्याकडून पाप घडले असे मी म्हणणार नाही, आपण ठाऊक नसताना पाहिले. परंतु चूक घडली आहे आणि ती त्या रिसॉर्टची आहे. एक कल्पना करून पाहा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच, जड काठ्यांचे ध्वज तोलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. त्यासाठी आठवडे आधी सराव करतात, नेम पाळतात. सोलापुरातल्या एखाद्या हॉटेलने ऐन उन्हाळ्यात, पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी, एक नंदीध्वज हिरवळीवर अर्धा तास फिरवून दाखवायला सांगितले, तर कोणता सोलापूरकर ते सहन करील? अक्षता सोहळा सायंकाळच्या करमणुकीत बसवला तर? हिरवळीवरच्या त्या तेय्यमला सांगावा नव्हता, व्रत नव्हते, तोट्टम नव्हते, दिवा नव्हता, गाऱ्हाणे घेऊन आलेला भक्त नव्हता. वेश तेवढा होता. उत्सवी मिरवणुकांत आणि पर्यटकांच्या कार्यक्रमांत तेय्यम उभे करण्याला त्या प्रदेशातील अनेक भक्तांनी आणि परंपरेच्या वारसदारांनी वेळोवेळी विरोध केला आहे. दुसरीकडे, तो वेश घालून उभा राहिलेला माणूस पोटासाठी आला असेल. तेय्यमचा हंगाम वर्षातून सातेक महिन्यांचा, अंगाला भाजणारा, मुकुटाच्या भाराने मान आणि पाठ मोडणारा आणि मोबदल्याच्या मानाने कठीण आहे. म्हणून माझा राग त्या कलाकारावर नाही. ज्यांच्याकडे नदीकाठची जागा आहे, नावा आहेत, गाड्या आहेत, ते पाहुण्यांना दहा मैलांवरच्या कावुपर्यंत नेऊ शकतात. देवाला जेवणाच्या टेबलापाशी बोलावण्याची गरज नव्हती. आपल्या गाडीच्या चालकाला हे कळले होते, त्याच्या मालकांना कळले नाही. आपण त्या रिसॉर्टला एक पत्र लिहावे आणि चालकाचे नाव न घेता एवढेच कळवावे की आम्हाला कावुतला अनुभव मोलाचा वाटला, हिरवळीवरचा नाही.

आपल्यापैकी कोणी कावुमध्ये चित्रण केले असल्यास, निखाऱ्यांचे ठेवायला हरकत नाही. सासूबाईंच्या हातात हात असतानाचे मात्र घरच्या बाहेर पाठवू नये. ते एका माणसाचे आणि देवाचे बोलणे आहे.

आणि हळद. तिला तिथे ‘मञ्ञळकुरी’ म्हणतात, तो तेय्यमचा प्रसाद आहे. सोलापूर जिल्ह्याला हळदीचा प्रसाद शिकवावा लागत नाही. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांच्या भेटीवर जो भंडारा उधळला जातो, जेजुरीला खंडोबावर जो उधळतात, तो हळदीचाच. आपण ती पुडी देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या वाटीशेजारी ठेवावी, आणि सासूबाईंना वाटेल तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावावी. त्यासाठी वेगळा विधी नाही. निर्माल्यात टाकायची घाई करू नये.

प्रश्न : आम्ही लिंगायत, घरी पूर्ण शाकाहार. कण्णूरजवळ परश्शिनिक्कडवच्या नदीकाठच्या मंदिरात देवाला ताडी आणि मासे वाहतात असे ऐकले. तिथे जावे का? प्रसाद नाकारला तर अपमान होईल का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : जावे. वळपट्टणम नदीच्या काठावरचे हे मुत्तप्पनचे देवस्थान आहे आणि तिथे वर्षातील बहुतेक सर्व दिवस तेय्यम होते, त्यामुळे हंगाम चुकलेल्या प्रवाशालाही दर्शन घडते. मुत्तप्पन हा शिकारी देव. नंबूद्री, म्हणजे केरळी ब्राह्मण, घरात वाढलेला हा मुलगा रानातल्या गरिबांबरोबर शिकार करू लागला, त्यांच्याबरोबर जेवू लागला, आणि शेवटी घर सोडून निघाला, अशी त्याची कथा आहे. म्हणून त्याचा नैवेद्य डोंगरातल्या लोकांचा आहे, ताडी आणि मासळी. त्याच्याबरोबर कुत्रा असतो, त्यामुळे मंदिरात कुत्र्यांना कोणी हाकलत नाही. एरवी देवळातून कुत्रा हाकलणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे पाहून बरे वाटते. आलेल्या भक्तांना मात्र उकडलेली कडधान्याची उसळ, खोबऱ्याचा तुकडा आणि चहा मिळतो. आपल्याला त्यात कसलीच अडचण येणार नाही. काही कावुंत कोंबड्याचा बळी असतो, तो आपण पाहू नये वाटल्यास मागे थांबावे. तुळजापूरला नवरात्रात अजाबळीचा विधी होतो म्हणून तिथे जाणे आपण सोडलेले नाही. आपले न खाणे आपल्यापाशी ठेवावे आणि दुसऱ्याच्या देवाच्या ताटाकडे नाक मुरडू नये.

प्रश्न : आम्ही चार निवृत्त शिक्षिका येत्या हंगामात जाऊ इच्छितो. कधी जावे, कसे वागावे, आणि तेय्यम स्त्रिया बांधतात का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : मल्याळम पंचांगातील तुळम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, हंगाम सुरू होतो आणि मे महिन्याच्या अखेरीच्या सुमारास वळपट्टणमच्या कळरिवातुक्कल भगवतीच्या, कित्येक फूट उंच मुकुटाच्या तेय्यमने संपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा. सोलापूरहून पनवेल गाठून कोकण रेल्वेने कण्णूरला उतरावे. कोणत्या कावुमध्ये कोणत्या रात्री काय आहे हे मुक्कामाच्या ठिकाणच्या स्थानिक नोकरवर्गाला विचारावे. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरचे तेय्यम त्या आठवड्यात असतेच, आणि त्यांच्याबरोबर गेले की आपण पर्यटक न राहता पाहुणे होतो. काही कावुंचे मोठे उत्सव, पेरुंकळियाट्टम, बारा वर्षांनी किंवा त्याहूनही अधिक काळाने येतात. तसा योग आला तर सोडू नये, पण गर्दीची तयारी ठेवावी.

पादत्राणे बाहेर काढावीत. रंग चालू असतो त्या आडोशाच्या जागेत, ज्याला ‘अणियरा’ म्हणतात, परवानगीशिवाय शिरू नये. झगझगीत प्रकाश पाडणारा कॅमेरा वापरू नये. तेय्यम धावत येते तेव्हा वाट सोडावी, अंगावरच्या झावळ्यांना हात लावू नये, आणि आशीर्वादाला गेल्यास रिकाम्या हाताने जाऊ नये, यथाशक्ती दक्षिणा ठेवावी. रात्रभर बसण्यासाठी एक शाल आणि पाठीला टेकायला काही घ्यावे. वेळापत्रकावर विसंबू नये. पहाटे चारला सांगितलेले सहाला होऊ शकते.

तेय्यम पुरुषच बांधतात, देवीचेसुद्धा. अपवाद एकच, आणि आपण चौघी शिक्षिका आहात म्हणून तो मुद्दाम सांगते. कण्णूर जिल्ह्यात, माट्टूलजवळ तेक्कुम्बाड नावाच्या नदीतल्या बेटावर ‘देवक्कूत्तु’ होते आणि ते स्त्री बांधते. फुले वेचायला स्वर्गातून आलेल्या स्त्रियांपैकी एक त्या बेटावर मागे राहिली आणि वाट चुकली, तिची ही कथा. एक वर्षाआड, डिसेंबरच्या सुमारास ते असते. व्रत धरून, मुखावर लेखन करून घेऊन ती बाई दिवसाउजेडी देवी होते, आणि तिथे जमलेल्या बायका तिला आपले सगळे सांगतात. वर्ष जुळत असेल तर प्रवासाची आखणी त्या तारखेभोवतीच करावी.